एका दिवसात नापा, सोनोमा आणि समुद्र? आराखडा बदलावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पर्यटन पुरवणीत उत्तर कॅलिफोर्नियातील द्राक्षमळ्यांचा प्रदेश आणि त्यालगतचा प्रशांत महासागराचा किनारा यांविषयीचा लेख वाचला. लेखातील वर्णन वाचनीय आहे आणि छायाचित्रेही उत्तम निवडली आहेत. मात्र लेखाच्या शेवटी चौकटीत सॅन फ्रान्सिस्कोहून सकाळी निघून नापा, सोनोमा आणि समुद्रकिनारा पाहून रात्री परतण्याचा जो एक दिवसाचा आराखडा दिला आहे, तो वाचून हे पत्र लिहिणे भाग पडले. मुले-नातवंडे त्या परिसरात राहतात म्हणून उन्हाळ्यात तिकडे जाणारे मराठी आईवडील पुष्कळ आहेत, आणि अशा चौकटी कापून प्रवासाच्या कागदपत्रांत ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे. त्यामुळे त्या चौकटीवर विसंबून कोणी खरोखरच निघेल, अशी शक्यता मला फार वाटते.

माझे म्हणणे असे की हा प्रवास किमान तीन रात्रींच्या मुक्कामाचा आहे. तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने करावा, म्हणजे आधी आतल्या दऱ्यांमधून उत्तरेकडे जावे, मग पश्चिमेला वळून समुद्र गाठावा आणि किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेकडे परतावे. आणि वाईन चाखण्याचा कार्यक्रम व किनाऱ्याचा रस्ता एकाच दिवशी कधीही ठेवू नये.

चौकटीतील अंतरे चुकीची नाहीत, परंतु ती दिशाभूल करणारी आहेत. सॅन फ्रान्सिस्कोपासून नापा शहर सुमारे ८० किलोमीटरवर आहे, आणि नापाची दरी लांबीला जेमतेम ४८ किलोमीटर व जास्तीत जास्त रुंदीच्या जागी सुमारे आठ किलोमीटर आहे. हे आकडे वाचून सगळे काही हाकेच्या अंतरावर असल्याचा समज होतो. प्रत्यक्षात दरीच्या पश्चिम अंगाने जाणारा २९ क्रमांकाचा महामार्ग ओकव्हिल, रदरफर्ड, सेंट हेलेना अशा गावांतून जातो आणि शनिवार-रविवारी दुपारनंतर त्यावरील वाहने मुंगीच्या गतीने सरकत असतात. त्याला समांतर, पूर्वेच्या डोंगराच्या पायथ्याने जाणारा सिल्व्हराडो ट्रेल हा रस्ता तुलनेने मोकळा असतो, त्यावर सिग्नल कमी आहेत आणि दोन्ही बाजूंचे मळे त्यावरून अधिक चांगले दिसतात. लेखात त्याचा उल्लेखही नाही, याचे आश्चर्य वाटले.

दुसरी अडचण वाईनरींच्या वेळांची आहे. आपल्या लेखात 'वाटेत आवडेल त्या वाईनरीत शिरावे' असे म्हटले आहे. नापात हे सहसा जमत नाही. नापा काउंटीने १९६८ साली दरीतील जमीन शेतीसाठी राखून ठेवली, आणि १९९० साली केलेल्या नियमानुसार त्यानंतर सुरू झालेल्या वाईनरींना पाहुण्यांचे स्वागत आगाऊ नोंदणी केल्यावरच करता येते. या बंधनांचा प्रवाशाला जाच होतो खरा, पण त्यांच्यामुळेच ती दरी आजही घरांच्या वसाहतींनी भरून न जाता द्राक्षांच्या ओळींनी भरलेली आहे, तेव्हा त्याबद्दल कुरकुर करण्यात अर्थ नाही. नोंदणी करून गेल्यावर एका ठिकाणी तास-दीड तास सहज जातो, त्यासाठीचे शुल्क बरेच असते, आणि तिसऱ्या ठिकाणी पोहोचेपर्यंत जिभेला फारसे काही कळेनासे होते. म्हणून दिवसाला दोनच वाईनरी ठरवाव्यात, आणि त्या एकाच रस्त्याच्या कडेने येतील अशा निवडाव्यात.

अशी एक जोडी सुचवतो. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्पुरियर या इंग्रज वाईनविक्रेत्याने फ्रेंच आणि कॅलिफोर्नियातील वाईनची एक स्पर्धा घेतली. परीक्षक फ्रेंच होते आणि कोणता पेला कुठल्या बाटलीतला, हे त्यांना ठाऊक नव्हते. पांढऱ्या वाईनमध्ये शातो मॉन्टेलेना या वाईनरीची १९७३ सालची शार्डोने पहिली आली, तर लाल वाईनमध्ये स्टॅग्ज लीप वाईन सेलर्सची १९७३ सालची कॅबर्ने सोव्हिन्यों पहिली आली. नापाला जगाच्या नकाशावर जागा मिळाली ती त्या दिवसापासून. यांपैकी स्टॅग्ज लीप ही वाईनरी सिल्व्हराडो ट्रेलवर, दरीच्या दक्षिण भागात आहे, तर शातो मॉन्टेलेना उत्तर टोकाला कॅलिस्टोगा गावाजवळ आहे. सकाळी पहिली, दुपारी दुसरी आणि रात्री कॅलिस्टोगात मुक्काम, असा एक पूर्ण दिवस यातून आपोआप आखला जातो. कॅलिस्टोगा हे गरम पाण्याच्या झऱ्यांचे गाव आहे, त्यामुळे दिवसभर गाडीत बसून अंग आंबलेल्या ज्येष्ठांचीही तिथे चांगली सोय होते.

आता गाडी चालवण्याविषयी, कारण चौकटीतील सर्वांत गंभीर चूक याच बाबतीत आहे. दुपारी तीन वाईनरी पाहून संध्याकाळी समुद्राकडे जावे, असे त्यात सुचवले आहे, परंतु त्या वेळी चाकामागे कोण बसणार याचा एका शब्दानेही विचार केलेला नाही. कॅलिफोर्नियात प्रौढ चालकाच्या रक्तातील मद्याची कायदेशीर मर्यादा ०.०८ टक्के आहे. आपल्याकडे ती १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. हे वाचून तिकडचा कायदा सैल आहे असे कोणी समजू नये, कारण या मर्यादेखाली असतानाही गाडी नीट चालवता येत नसल्याचे पोलिसांना दिसले तर गुन्हा दाखल होऊ शकतो. याशिवाय खासगी गाडीत चालकाला तर नाहीच, पण प्रवाशांनाही मद्य पिता येत नाही. चाखून झाल्यावर अर्धी उरलेली बाटली मागच्या आसनावर किंवा पायाशी ठेवणेही बेकायदेशीर आहे, ती डिकीतच ठेवावी लागते. एकवीस वर्षांखालील नातवंडांना तर घोटभर चाखूनही चालत नाही, मग घरचे वातावरण कितीही मोकळे असो.

यावर उपाय तीन आहेत. कुटुंबातील न पिणाऱ्या व्यक्तीने गाडी चालवावी. किंवा त्या एका दिवसापुरती चालकासह गाडी भाड्याने घ्यावी. किंवा चालवणाऱ्याने वाईन तोंडात घोळवून समोर ठेवलेल्या भांड्यात टाकून द्यावी, जे तिथे असभ्य मानले जात नाही आणि व्यावसायिक चाखणारे दिवसभर तेच करतात. तिसरा उपाय ऐकायला सोपा वाटतो, पण त्यासाठी जो संयम लागतो तो सुट्टीवर आलेल्या माणसाकडून मी तरी गृहीत धरणार नाही.

आपल्याकडून गेलेल्या पाहुण्याला भारतीय परवान्यावर तिथे गाडी चालवता येते. आंतरराष्ट्रीय परवाना सोबत असणे चांगले, कारण गाडी भाड्याने देणाऱ्या कंपन्या कधी कधी तो मागतात, पण मूळ परवाना घरी ठेवून केवळ तोच घेऊन जाण्याचा उपयोग नाही, कारण कॅलिफोर्निया एकट्या आंतरराष्ट्रीय परवान्याला मान्यता देत नाही. वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, आणि ही सवय होण्यासाठी नापाचा सपाट रस्ता बरा, किनाऱ्याचा वळणावळणाचा रस्ता नव्हे. आधी दरी आणि मग समुद्र हा क्रम सुचवण्याचे हेही एक कारण आहे.

लेखात नापाच्या मानाने सोनोमाला अगदी चार ओळी मिळाल्या आहेत. खरे तर वाईन न पिणाऱ्यांसाठी सोनोमा अधिक रोचक आहे. सोनोमा गावाच्या मध्यवर्ती चौकात १८२३ साली स्थापन झालेले कॅथलिक धर्मपीठ (मिशन) आहे. कॅलिफोर्नियातील अशा एकवीस धर्मपीठांतील हे शेवटचे आणि सर्वांत उत्तरेकडचे. त्याच चौकात १८४६ साली काही अमेरिकन स्थलांतरितांनी मेक्सिकोच्या सत्तेविरुद्ध बंड करून अस्वलाचे चित्र असलेला झेंडा उभारला, आणि आज राज्याचा जो ध्वज आहे तो त्यावरूनच घेतलेला आहे. गावाच्या कडेला १८५७ साली अगोस्टन हारास्थी या हंगेरियन गृहस्थाने स्थापन केलेली ब्युएना व्हिस्टा ही जुनी वाईनरी आहे. पहिल्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोहून सावकाश निघून सोनोमाचा चौक पाहावा, मग कार्नेरोसच्या टेकड्यांमधून नापात उतरून तिथेच मुक्काम करावा, म्हणजे दुसरा पूर्ण दिवस दरीसाठी मोकळा राहतो.

दरी आणि समुद्र ही दोन वेगळी पर्यटनस्थळे म्हणून लेखात मांडली आहेत. वस्तुतः त्यांना जोडणारी गोष्ट म्हणजे धुके, आणि ते समजून घेतल्याशिवाय या प्रवासाचा आराखडा नीट होत नाही. त्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात समुद्राच्या तळाकडील थंड पाणी वर येते आणि त्यावरून वाहणारी दमट हवा गार होऊन धुके तयार होते. त्याच वेळी आतल्या प्रदेशात जमीन तापते, गरम हवा वर जाते आणि तिची जागा घेण्यासाठी समुद्रावरची गार हवा गोल्डन गेटच्या खिंडारातून व पेटालुमाजवळच्या डोंगरातील मोकळ्या पट्ट्यातून आत ओढली जाते. दिवसा कडक ऊन आणि रात्री गारवा अशा हवेमुळे द्राक्षात साखर भरते, पण त्याचा आंबटपणा टिकून राहतो. खाडीला लागून असलेल्या कार्नेरोसमध्ये आणि धुक्याच्या वाटेवरील रशियन नदीच्या (रशियन रिव्हर) खोऱ्यात पिनो न्वार आणि शार्डोने या थंड हवा मानवणाऱ्या जाती लावल्या जातात, तर धुके जिथे क्वचित पोहोचते त्या कॅलिस्टोगाकडे कॅबर्ने चांगली पिकते. नापाच्या दरीत दक्षिणेपेक्षा उत्तर टोक अधिक तापते, ही गोष्ट नकाशा पाहून कोणाच्या लक्षात येणार नाही.

प्रवाशासाठी याचा सरळ अर्थ असा की जुलैच्या एकाच दुपारी कॅलिस्टोगात पारा पस्तिशीला पोहोचलेला असतो, तर किनाऱ्यावरील बोडेगा बे या गावी पंधरा अंशांत बोचरा वारा वाहत असतो. आपल्याकडून जाणारी मंडळी मे ते जुलै या काळात जातात आणि कॅलिफोर्निया म्हणजे ऊन, या कल्पनेने स्वेटर मुलाच्या घरी ठेवून निघतात. किनाऱ्यावर सर्वांत स्वच्छ आकाश सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मिळते. तो द्राक्षतोडणीचाही हंगाम असल्याने मळ्यांत काम पाहायला मिळते, मात्र गर्दी आणि खोल्यांचे दर दोन्ही चढलेले असतात. शिवाय कोरड्या वाऱ्यांमुळे वणव्यांचाही धोका याच दिवसांत असतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये सांता रोझा शहराच्या वस्त्या जळाल्या, २०१९ आणि २०२० साली पुन्हा मोठे वणवे लागले. म्हणून त्या महिन्यांत जाणाऱ्यांनी रद्द करता येतील अशाच खोल्या घ्याव्यात आणि रोज सकाळी हवामानाची सूचना पाहावी. गर्दी नको असेल तर जानेवारी ते मार्च हा काळ मला स्वतःला अधिक पसंत आहे. तेव्हा पाऊस असतो आणि वेली उघड्या असतात, पण त्यांच्या ओळींमध्ये मोहरी पिवळीधमक फुललेली असते आणि किनाऱ्यावरून राखाडी देवमाशांचे स्थलांतर दिसू शकते.

तिसऱ्या दिवशी कॅलिस्टोगाहून हील्ड्सबर्गला यावे आणि तिथून वेस्टसाइड रोडने रशियन नदीच्या कडेने गर्नव्हिलपर्यंत जावे. या दिवशी वाईनरीला सुट्टी द्यावी. गर्नव्हिलजवळ आर्मस्ट्राँग रेडवुड्स हे उंच, पुरातन वृक्षांचे राखीव वन आहे. त्यातील मुख्य वाट सपाट असल्याने गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनाही ती झेपते. पुढे ११६ क्रमांकाचा रस्ता नदीबरोबर वीसेक किलोमीटर जाऊन जेनर येथे समुद्राला भिडतो. नदीच्या मुखावरील वाळूच्या पट्टीवर सील पहुडलेले असतात. ते लांबूनच पाहावेत, विशेषतः वसंत ऋतूत, कारण तेव्हा त्यांची पिल्ले तिथे असतात. जेनर किंवा बोडेगा बे येथे रात्र काढावी.

इथे समुद्राविषयी एक गोष्ट ठळकपणे छापायला हवी होती. आपल्या छायाचित्रात पर्यटक जेनरजवळच्या गोट रॉक किनाऱ्याच्या वाळूत समुद्राकडे पाठ करून उभे आहेत. त्या किनाऱ्यावर शांत वाटणाऱ्या पाण्यातून अचानक एखादी प्रचंड लाट खूप आतपर्यंत येते आणि माणसाला ओढून नेते. अशा लाटांनी तिथे जीव गेलेले आहेत. पाणी बाराही महिने इतके थंड असते की त्यात पडलेल्याचे हातपाय काही मिनिटांत काम करेनासे होतात. तिथे पाण्यात उतरू नये, ओल्या वाळूवर रेंगाळू नये आणि समुद्राकडे पाठ करू नये.

चौथ्या दिवशी किनाऱ्याचा १ क्रमांकाचा महामार्ग येतो. वाहने उजवीकडून चालत असल्यामुळे दक्षिणेकडे जाणारी गाडी समुद्राच्या बाजूने असते. दृश्य मोकळे मिळते आणि समोरून येणारी वाहने न ओलांडता उजवीकडच्या थांब्यांवर गाडी घेता येते. उलट दिशेने गेल्यास प्रत्येक थांब्यासाठी वळणावर समोरची मार्गिका ओलांडावी लागते. मात्र ज्यांना कड्याच्या बाजूने गाडी चालवायची भीती वाटते, त्यांनी जेनरच्या उत्तरेचा भाग सोडून द्यावा, कारण सर्वांत कठीण वळणे तिथेच आहेत. ज्यांना ती झेपतील त्यांनी सकाळी लवकर निघून जेनरपासून अठरा-वीस किलोमीटरवरील फोर्ट रॉस पाहून परत यावे. रशियन-अमेरिकन कंपनीने १८१२ साली वसवलेली आणि १८४१ साली जॉन सटर यांना विकून टाकलेली ही लाकडी कोटाची वसाहत आहे, आणि रशियन नदीला ते नाव का पडले याचा उलगडाही तिथेच होतो. या दुपदरी रस्त्यावर आपल्या मागे पाच किंवा अधिक वाहने तुंबली तर जवळच्या मोकळ्या जागेत बाजूला होऊन त्यांना वाट देणे कायद्याने बंधनकारक आहे. सौजन्यावर सोडलेली ही बाब नाही. मोबाइलचे जाळे अनेक ठिकाणी मिळत नाही, म्हणून नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्यावा आणि पेट्रोलची टाकी गर्नव्हिलमध्येच भरावी.

बोडेगा बेच्या पुढे हा महामार्ग थोडा आत वळतो आणि टोमालेस बे या लांबट खाडीच्या काठाने जातो. ही खाडी सॅन अँड्रियास भूभंगावर, म्हणजे भूकवचातील मोठ्या भेगेवरच आहे. पलीकडचे पॉइंट रेयेस द्वीपकल्प आणि अलीकडची जमीन भूगर्भीयदृष्ट्या दोन वेगळ्या भूपट्टांवर (प्लेटांवर) आहेत, आणि १९०६ च्या भूकंपात या भागात जमीन सुमारे सहा मीटरपर्यंत सरकली होती. पॉइंट रेयेस १९६२ पासून राष्ट्रीय सागरकिनारा म्हणून संरक्षित आहे. त्याच्या टोकाला १८७० साली उभारलेले दीपगृह आहे. तिथे जाण्यासाठी तीनशेहून अधिक पायऱ्या उतराव्या आणि पुन्हा चढाव्या लागतात, ते आठवड्यातील काही दिवस बंद असते आणि जोराचा वारा असल्यास पायऱ्या ऐनवेळी बंद करतात. पॉइंट रेयेस स्टेशन या गावापासून तिथे जायलाच पाऊण तास लागतो. 'जाता जाता दीपगृह' हे आपल्या चौकटीतील शब्द त्यामुळे मला फार खटकले.

परतताना म्युअर वुड्स हे रेडवुड वृक्षांचे दुसरे वन पाहायचे असल्यास वाहनतळाची आगाऊ नोंदणी लागते आणि तिथे फोन चालत नसल्याने ती नोंदणी आधीच उतरवून ठेवावी लागते. आर्मस्ट्राँगचे वृक्ष पाहिलेले असतील तर म्युअर वुड्स वगळले तरी चालेल. गोल्डन गेट पुलावर शहराकडे येताना टोल आहे, परंतु तो रोखीने घेतला जात नाही. भाड्याच्या गाडीवर या टोलबरोबर कंपनीचा वेगळा आकारही लागू शकतो, म्हणून गाडी घेतानाच विचारून ठेवावे.

लेखात सुचवलेल्या, किनाऱ्यावर बरेच उत्तरेला असलेल्या मेंडोसिनो या गावाविषयी एवढेच म्हणेन की ते अप्रतिम असले तरी या प्रवासात बसत नाही. क्लोव्हरडेलहून १२८ क्रमांकाच्या रस्त्याने अँडरसन व्हॅलीतील मळे पाहत तिकडे जाता येते, पण त्यासाठी आणखी दोन रात्री हव्यात.

आपणास विनंती अशी की पुढील पुरवणीत ही एक दिवसाची चौकट मागे घेत असल्याचे जाहीर करावे आणि तिच्याऐवजी चार दिवसांचा आराखडा, किलोमीटरऐवजी प्रत्येक टप्प्याला लागणारे तास देऊन प्रसिद्ध करावा. गोट रॉकचे ते छायाचित्र पुन्हा वापरणार असाल, तर त्याखाली लाटांविषयीची सूचनाही छापावी.

कळावे,
आपला एक नियमित वाचक